मालवण मुलखांतील सहकुटुंब पायवाटा

वैशाखाची सुट्टी लागली किंवा गणपति जवळ आले, कीं मुंबई-पुण्याकडील बिऱ्हाडें कोंकणांतील मूळ घरांकडे येऊं लागतात. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सबंध सुरू झाल्यापासून व २०२१ सालीं चिपीचा विमानतळ उघडल्यापासून हें येणें पूर्वींपेक्षां पुष्कळच सुकर झालें आहे. परंतु ही मंडळी मालवण पाहते तें बहुधा मोटारीच्या कांचेंतून. किल्ल्यास जाऊन येणें, तारकर्लीस होडींतून हिंडणें, बाजारांतून काजू व खाजें घेणें आणि चौथ्या दिवशीं परत निघणें, असा क्रम ठरून गेला आहे. घरापासून देवळाकडे जाणारी पाणंद कोणती, परसामागचा व्हाळ पुढें कोठें मिळतो, हें त्या घरच्या नातवंडांस विचारलें तर तीं आजोबांच्या तोंडाकडे पाहतात. आणि अलीकडे पुष्कळ घरीं आजोबाहि चालावयाचे थांबले आहेत.

आमचा सारा काळ या मुलखांतील मुलांस शिकविण्यांत गेला. सहा वर्षांचा नातू व सत्तरीची आजी या दोघांसहि बरोबर नेतां येईल, अशा मालवणाभोंवतालच्या कांहीं वाटा वाचकांस सांगाव्या, एवढाच आमचा आरंभींचा हेतु आहे. वाटा सांगतां सांगतां त्या वाटांवर आलेलें एक संकटहि सांगणें प्राप्त आहे. तें शेवटीं सांगूं.

फिरणें म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, अशी समजूत कांहीं घरांतून अजून आहे. आपल्या पूर्वजांची ती नव्हती. ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेपाच्या आख्यानांत राजपुत्र रोहित अरण्यांतून घरीं परतूं पाहतो, तेव्हां ब्राह्मणाचा वेष घेतलेला इंद्र त्याला वर्षानुवर्षें अडवून चालत राहण्याचाच उपदेश करतो. रघुवंशाच्या पहिल्या सर्गांतील प्रसंग तर आम्हांस फारच मार्मिक वाटतो. दिलीप राजा व सुदक्षिणा राणी वसिष्ठांच्या आश्रमास निघालीं आहेत. वाटेंत गौळवाड्यांतील वृद्ध माणसें ताजें लोणी घेऊन भेटीस येतात, आणि तीं दोघें त्यांस वाटेवरच्या रानझाडांचीं नांवें विचारीत जातात. समुद्रवलयांकित पृथ्वीचा धनी, पण झाडाचें नांव ठाऊक नसेल तर गुराख्यास विचारण्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं. आमच्या मतें सहकुटुंब फिरण्याची सर्व रीति या एका प्रसंगांत आली.

वाटांकडे वळण्यापूर्वीं तयारीचे दोन शब्द. पहिली गोष्ट, 'घरांतलीं सर्व' या शब्दांत सुनाहि येतात. पुरुषमंडळी व मुलें फिरून येणार आणि घरच्या स्त्रिया त्यांच्या परतण्याच्या वेळेस गरम आंबोळ्या घालीत बसणार, असें असेल तर तें सहकुटुंब फिरणें नव्हे. आदल्या रात्रीं पोह्यांस नारळ खवून ठेवावा, लाडू किंवा नारळाच्या वड्या डब्यांत भराव्या, कोकमाचें आगळ बाटलींत घ्यावें, आणि ओझें पुरुषांनीं उचलावें. दुसरी गोष्ट, वेळ. उन्हाळ्यांत सकाळीं सहास निघून साडेआठाच्या आंत सावलींत यावें. थंडींत सायंकाळहि चालते. तिसरी गोष्ट, पायांत बंद जोडा असावा व हातीं काठी असावी. कातळावर फुरसें फार. तें दगडाखालीं दडून बसतें, म्हणून मुलांस दगड उलटूं देऊं नयेत. दुर्दैवानें दंश झालाच तर मंत्रतंत्रांत घटकाहि न दवडतां तडक सरकारी रुग्णालय गांठावें.

पहिली वाट मालवण शहरांतलीच. दांडीच्या किनाऱ्यावर दांडेश्वराचें देऊळ आहे. तेथून वाळूवाळूनें मोरयाच्या धोंड्यापर्यंत जावें. या खडकावर गणपति, चंद्र व सूर्य यांच्या आकृति कोरलेल्या आहेत. सिंधुदुर्गाच्या उभारणीपूर्वीं शिवाजीमहाराजांनीं येथें पूजन केलें, अशी परंपरा आहे. किल्ल्याचें काम २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सुरू झालें. समोर कुरटे बेटावर सुमारें ४८ एकरांचा तो सबंध विस्तार दिसतो. मुलांस किल्ल्यांत नेण्यापूर्वीं प्रथम येथून तो दाखवावा. इतका मोठा किल्ला, पण त्याचा महादरवाजा कोठें आहे तें ओळखा, असें त्यांस विचारावें. तटाच्या वळणांत तो असा दडविला आहे कीं मुलें थकतात, पण दरवाजा कांहीं सांपडत नाहीं. नंतर दुसरे दिवशीं होडीनें आंत जाऊन उत्तर पाहावें. आंत शिवराजेश्वराचें मंदिर आहे, तें राजाराममहाराजांनीं १६९५ सालीं बांधविलें. चोहोंकडे खारें पाणी असून दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींस गोडें पाणी आहे. पावसाळ्यांत होड्या बंद असतात, हें लक्षांत ठेवावें.

शहराच्या दुसऱ्या अंगास चिवल्याचा किनारा आहे. तेथें नशीब असेल तर सकाळीं रापण ओढतांना दिसते. होडींतून लांबच लांब जाळें अर्धवर्तुळाकार टाकतात, आणि त्याचीं दोन्ही टोंकें किनाऱ्यावरून चाळीसपन्नास माणसें एका तालांत ओढीत आणतात. जें मिळेल त्याची मग वांटणी होते. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ घरें शाकाहारी आहेत. तथापि त्या घरांतील मुलांनीं रापण अवश्य पाहावी असें आम्ही म्हणतों. ताटांत काय घ्यावें हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण अनेकांनीं मिळून एक दोर ओढावयाचा व फळ वांटून घ्यावयाचें, हा पाठ एकत्र कुटुंबांतील मुलास कोठेंहि मिळाला तरी तो घ्यावा.

दुसरी वाट तारकर्लीहून देवबागेकडे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदी, आणि मध्यें माडांची चिंचोळी पट्टी, अशी या भागाची ठेवण आहे. येथें वाळूवरून चालावयाचें तें ओहोटीस. कारण ओली वाळू घट्ट असते व म्हाताऱ्या माणसाचा पाय रुतत नाहीं. ओहोटी केव्हां, हें पाहण्यास मोबाइल नको. आपल्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास ढोबळ मानानें निघतो. आठ पाउणें सहा. म्हणून अष्टमीस सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारीं बारास ओहोटी. पंधरा पाउणें सव्वाअकरा. म्हणून पौर्णिमेस व अमावास्येस दुपारीं भरती, आणि पहांटे व सायंकाळीं पांच-सहाच्या सुमारास ओहोटी. चंद्र रोज सुमारें पाऊण तास उशिरां येतो व भरती त्याच्या मागोमाग असते, हें या हिशेबाचें कारण. यावरून असें दिसेल कीं सकाळच्या फेरीस पौर्णिमा-अमावास्या व त्यांनंतरचे दोनतीन दिवस उत्तम. याच दिवसांत उधाणामुळें पाणी पुष्कळ आंत ओसरतें व वाळू रुंद मिळते. अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत पाणी फारसें ओसरत नाहीं, आणि तें ओसरतें तेव्हां ऊन डोक्यावर असतें. हल्लीं पाउणकी कोणी पाठ करीत नाहीं. पण ज्या मुलानें पंचांग पाहून स्वतः भरतीची वेळ काढली आणि ती समुद्रानें पाळलेली पाहिली, त्याला पाउणकी कशासाठीं हें पुन्हां सांगावें लागत नाहीं.

या वाटेवर पायांखालीं पाहात चालावें. बारीक कुर्ल्यांनीं बिळाभोंवतीं मांडलेल्या वाळूच्या गोळ्या, शंख-शिंपले, आणि भरतीच्या रेषेपलीकडे पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेल हीं मुलांस दाखवावींत. ही वेल वाळूस धरून ठेवते. ती उपटली कीं वाऱ्यालाटांबरोबर वाळू हलूं लागते. जुन्या माणसांनीं तिला मर्यादवेल हें नांव दिलें तें समजून-उमजून दिलें. मात्र नदीच्या मुखाजवळ कोणासहि पाण्यांत उतरूं देऊं नये. वरून पाणी शांत दिसलें तरी आंत ओढ असते.

तिसरी वाट धामापूरची. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं हीच निवडावी. मालवण-कुडाळ रस्त्यावर, दोन टेंकड्यांमध्यें मातीचा बांध घालून १५३० सालीं नागेश देसाई यांनीं हा तलाव बांधविला. ते विजयनगरच्या साम्राज्याचे मांडलिक होते. पुढें साम्राज्य लयास गेलें, पण तलाव अजून भरतो. २०२० सालीं आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिःसारण आयोगानें जागतिक वारसा सिंचन-वास्तूंच्या यादींत त्याचा समावेश केला. कांठावर भगवतीचें देऊळ आहे व बांधावर गर्द सावली आहे. देवीसंबंधीं एक आख्यायिका सर्वत्र सांगतात. पूर्वीं कोणा गरिबाच्या घरीं लग्न निघालें, कीं फुलांचे दागिने परडींत घालून तलावांत सोडीत व देवी त्यांबदलीं सोन्याचे दागिने देई. कार्य उरकल्यावर ते परत करावयाचे. एकदां कोणी ते परत केले नाहींत, आणि देवीनें देणें बंद केलें. ही गोष्ट बांधावर बसून सांगावी, आणि मुलांस विचारावें कीं तलावानें आजवर आपणांस काय दिलें व आपण परत काय केलें. उत्तर त्यांनाच शोधूं द्यावें.

चौथी वाट सड्यावरची. जांभ्या दगडाच्या या उघड्या माळांस परकी माणसें ओसाड म्हणतात. त्यांनीं ते भाद्रपदांत पाहावे. जांभ्याच्या खळग्यांत पाणी सांचून तेथें बोटभर उंचीचीं फुलें इतकीं दाट येतात, कीं पाऊल कोठें ठेवावें असा प्रश्न पडतो. निळींजांभळीं सीतेचीं आसवें, पांढरे गेंद, पिवळा कवला, गुलाबी तेरडा. यांपैकीं सीतेचीं आसवें ही वनस्पति मांसाहारी आहे. ओल्या मातींत तिच्या तंतूंवर सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत पाण्यांतील बारीक जीव ओढले जातात. सड्याच्या निकृष्ट मातींत जें पोषण मिळत नाहीं, तें ती अशा रीतीनें मिळविते. जांभ्याचीहि गोष्ट मुलांस सांगण्यासारखी आहे. हा दगड जमिनींत मऊ असतो, म्हणून चिरे काढतां येतात. उघड्या हवेंत तो टणक होतो, म्हणून घरें टिकतात. १८०७ सालीं फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश गृहस्थानें मलबारांत हा गुण पाहून विटेच्या लॅटिन शब्दावरून त्यास लॅटेराइट हें शास्त्रीय नांव दिलें. सच्छिद्र असल्यामुळें तो पावसाचें पाणी पोटांत घेतो व तें सड्याच्या पायथ्याशीं झऱ्यांतून बाहेर पडतें. तेव्हां वरचा सडा ओसाड नाहीं. खालच्या वाडीच्या विहिरीचें तें छप्पर आहे.

थंडींत हीच वाट कुडोपीस करावी. मालवण तालुक्यांतील या गांवच्या सड्यावर प्राचीन माणसांनीं जमिनींतच चित्रें कोरलीं आहेत. कोंकणांतील अशा निवडक कातळशिल्पांचा २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य वारशांच्या यादींत समावेश झाला, त्यांत कुडोपी आहे. तेथें वाटाड्या म्हणून गांवचाच माणूस घ्यावा. चित्रांच्या रेषांवर पाय देऊं नये व खडूनें त्या गिरवूं नयेत.

आतां पांचवी वाट. हिला ठराविक ठिकाण नाहीं. ती आपल्याच घरामागची पाणंद होय. दोन्ही अंगांस जांभ्याचा गडगा, त्यावर शेवाळ व नेचे, वरून फांद्यांची कमान. पुढें कुणग्यांच्या बांधावरून, व्हाळावरच्या साकवावरून, घाटी चढून ती देवाच्या रायींत शिरते. फाल्गुनांत सुरंगी फुलली कीं तिचा वास झाड दिसण्यापूर्वीं येतो. वैशाखांत करवंदें, रातांबे व जांभळें यांची वाट मुलें आपणहून शोधतात. रायींत कोणतेंहि झाड तोडावयाचें नाहीं, हा नियम कायद्याच्या पुस्तकांत येण्यापूर्वीं देवाच्या धाकानें पाळला गेला, आणि म्हणूनच तेथें सातवीण, बेहडा, उंडी हे वृक्ष आजहि जुने आढळतात. वडीलधाऱ्यांनीं येथें दिलीप राजाचें अनुकरण करावें: नांव ठाऊक नसेल तर गुरें राखणाऱ्यास विचारावें, तेंहि मुलांच्या देखत.

चालण्याचा विषय निघाला असतां आचऱ्याच्या गांवपळणीचा उल्लेख न करणें अन्यायाचें होईल. दर कांहीं वर्षांनीं श्रीदेव रामेश्वराचा कौल झाला, कीं सबंध आचरें गांव, माणसें, गुरें, कोंबडीं-कुत्रीं यांसह घरें सोडून वेशीबाहेर जातो, आणि तीन दिवस व तीन रात्री झोंपड्या उभारून राहतो. त्या झोंपड्यांतून भजनें होतात, गाऱ्हाणीं मिटतात, आणि एरव्हीं बांधावरून न बोलणारे शेजारी एका चुलीवर चहा घेतात. पुन्हां कौल झाल्यावरच गांव परत येतो. यामागील श्रद्धेविषयीं ज्याचें त्यानें मत ठरवावें. परंतु घराबाहेर पडून एकत्र राहिल्यानें माणसें जवळ येतात, हें शहाणपण आमच्या मुलखांस कोणा परदेशी ग्रंथांतून घ्यावें लागलेलें नाहीं.

आतां त्या संकटाविषयीं. या पाणंदी बुजत चालल्या आहेत. कोठें जमीन विकली जाते व नवा मालक तारेचें कुंपण घालतो. कोठें गडग्याचे चिरे नव्या बांधकामास नेतात. कोठें मोटार जावी म्हणून पाणंदीचा रस्ता होतो व सावली जाते. आणि सर्वांत जास्त वाटा कोणाच्याहि दुष्टपणामुळें नव्हे, तर कोणी न चालल्यामुळें जातात. दोन पावसाळे पाय पडला नाहीं, कीं रानमोडी वाढतें. चौथ्या पावसाळ्यानंतर येथें वाट होती हें सांगणारा वृद्ध उरतो. आणि तोहि गेल्यावर वाट होती याला पुरावा राहात नाहीं.

इंग्लंडांत हा प्रश्न आपल्या आधीं उद्भवला. २४ एप्रिल १९३२ रोजीं मँचेस्टरकडील शेंकडों कामकरी तरुण डर्बीशायरमधील किंडर स्काउट या बंद केलेल्या माळावर मुद्दाम चालत गेले, व त्यांपैकीं पांच जणांस तुरुंगवास झाला. १९४९ सालीं तेथें कायदा झाला आणि प्रत्येक परगण्यानें आपल्या सार्वजनिक पायवाटा नकाशावर नोंदवाव्या असें ठरलें. आज इंग्लंड व वेल्स मिळून अशा सुमारें एक लक्ष चाळीस हजार मैलांच्या वाटा नोंदलेल्या आहेत. शेताच्या मधून वाट गेली असली तरी शेतकरी ती अडवूं शकत नाहीं, आणि रविवारीं आजोबा-नातवंडें त्या वाटांनीं निर्धास्त हिंडतात. इंग्रजांच्या पुष्कळ गोष्टी आपण घेतल्या. ही मात्र घ्यावयाची राहिली.

आपल्याकडेहि कायदा अगदींच मुका नाहीं. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यानें वीस वर्षें उघड, अखंड व हक्कानें चाललेल्या वहिवाटीस मान्यता दिली आहे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणीं अडविली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याखालीं सहा महिन्यांच्या आंत तहसीलदाराकडे दाद मागतां येते. गांवनकाशांत पायवाटा तुटक रेषेनें दाखविलेल्या असतात. मात्र सर्वच पाणंदी त्यांत आढळतील असें नाहीं. या सर्वांचा मथितार्थ एकच: वहिवाट म्हणजे चालणें. जो चालत नाहीं, त्याची वाट कायदाहि कशी राखणार?

म्हणून वाचकांस आमची एक विनंति आहे. या सुट्टींत प्रत्येक कुटुंबानें आपल्या वाडीचा एक नकाशा काढावा. घरांतील सर्वांत वृद्ध माणसास, चालवत नसेल तर खुर्चीवर बसवून, वाटा विचाराव्या. साकव कोठें होता, घाटीच्या पायऱ्या कोणत्या आळींत उतरत, कोणत्या झाडाखालीं ओझीं टेंकीत, तें सर्व लिहून घ्यावें. मग मुलांनीं त्या वाटांवर स्वतः चालून, उघडी कोणती व बुजलेली कोणती याच्या खुणा कराव्या. वयनीनें नांवें लिहावीं, काकानें अंतरें पावलांनीं मोजावीं, लहानग्यांनीं झाडें रंगवावीं. एक प्रत देवघराजवळच्या फडताळांत ठेवावी व एक ग्रामपंचायतींत नेऊन द्यावी. ज्या वाटेवर रान माजलें असेल, ती घरच्या चार पुरुषांनीं कोयती घेऊन एका सकाळीं मोकळी करावी. मात्र ज्याची जमीन लागून असेल त्याला अगोदर सांगून, गोडीनें. पुढल्या सुट्टींत त्याच वाटेनें पुन्हां जावें. वीस वर्षें मोजावयाचीं तीं अशीच एकेका सुट्टीनें मोजलीं जातात.